चानकी : जालन्याच्या चुलीजवळचा इतिहास

१/ भाकऱ्या थापून झाल्या की काठवटीत शेवटी थोडे पीठ उरते. त्या उरलेल्या गोळ्याची तळहाताएवढी भाकरी म्हणजे चानकी. जालना जिल्ह्यातील आणि एकूणच मराठवाड्यातील कित्येक घरांत ती लहान मुलांच्या वाट्याची असे, आणि पुष्कळदा मुलांच्याच हातची असे. कडेला चिरलेल्या या वेड्यावाकड्या भाकरीत गेल्या साठ वर्षांतील दुष्काळ, बियाणे आणि पिके यांचा इतिहास दडलेला आहे. त्याविषयी हा धागा.

२/ आधी मुलांना चानकीच का दिली जाई, ते पाहू. गव्हात ग्लुटेन असते, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसते. म्हणून पिठात कढत पाणी घालावे लागते. उष्णतेने पिठातील स्टार्च चिकट होतो आणि तळहाताने रगडून मळल्यावरच गोळा एकजीव होतो. पीठ जुने असले, पाणी कोमट असले किंवा मळणे अपुरे राहिले, की भाकरीला चिरा पडतात. ही जाण सांगून येत नाही. ती हाताला यावी लागते. चानकी फाटली, तर नुकसान मूठभर पिठाचेच होई.

३/ मराठीत छापील पाककृतींची परंपरा जुनी आहे. ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. पण पुस्तक ज्यांना वाचता येत होते, त्यांच्यासाठीच ते होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्यात स्त्रियांची साक्षरता अत्यल्प होती. तेथे स्वयंपाकाचे ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले.

४/ हे ज्ञान अगदीच शब्दहीन मात्र नव्हते. पहाटे जात्यावर दळताना बायका ओव्या गात, आणि शेजारी अर्धवट झोपेत असलेली मुले त्या ऐकत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते थांबले. स्त्रियांच्या खांद्यावरचा मोठा भार उतरला. त्याबरोबर ओवीचे रोजचे स्थानही गेले.

५/ या आठवणींची एक दुसरी बाजूही आहे. भावाला चानकी म्हणजे खाऊ होता. बहिणीला मात्र तो पहिला धडा होता, आणि पुढे रोजच्या कामाचा आरंभ. चानकीवरून पूर्ण भाकरीवर हात बसला की चूल सांभाळण्याची जबाबदारी तिच्याकडे येई आणि अनेकींची शाळा तिथेच सुटे. त्यामुळे एकाच घरातील भाऊ आणि बहीण त्याच चुलीची आठवण निरनिराळ्या तऱ्हेने सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही आठवणी नोंदवायला हव्यात.

६/ मग १९७२ साल आले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. पाऊस सलग हुकला, ज्वारी बुडाली आणि माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या कामांवर गेली. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख मजूर होते. आई-वडील दिवसभर कामावर गेल्यावर धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि चूल पेटवणे थोरल्या मुलांवर आले.

७/ त्या वर्षांत अमेरिकेची ‘मिलो’ ही लाल ज्वारी रेशनवर आली. तिची तांबूस भाकरी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी या दोन चवी त्या पिढीच्या जिभेवर कायमच्या राहिल्या. आज साठी ओलांडलेल्या अनेकांना दुष्काळाचे आकडे ठाऊक नसतात. भाकरीचा रंग मात्र नेमका आठवतो.

८/ भाकरी बदलण्याचे दुसरे कारण खुद्द जालन्याशी निगडित आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच ‘महिको’, स्थापन केली. त्याच वर्षी सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. संकरित ज्वारीने उत्पादन वाढवले आणि दुष्काळानंतर अनेक घरांची कणगी भरली. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

९/ परंतु खरिपाचे हे ‘हायब्रीड’ परतीच्या पावसात सापडले की कणसावर बुरशी येऊन दाणा काळा पडे. रब्बीच्या मालदांडीची पांढरी, गोडसर भाकरी खाल्लेल्या जिभेला तो फरक लगेच कळे. पोट भरणारी ज्वारी आणि चवीची ज्वारी अशी विभागणी घरातच झाली. पाहुण्यांसाठी शाळू आणि रोजच्यासाठी हायब्रीड, असा हिशेब सुरू झाला.

१०/ पुढे शेतातून ज्वारीच मागे सरली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, सोयाबीन वाढले, मोसंबीच्या बागा वाढल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात याच बागा मोठ्या प्रमाणावर जळाल्या. रेशनवर गहू आणि तांदूळ स्वस्त मिळू लागल्याने ताटात पोळी स्थिरावली. एके काळी गरिबाचे अन्न मानलेली ज्वारी आता अनेकदा गव्हाहून महाग असते. ज्या घरात भाकरीच रोज होत नाही, तिथे उरलेला गोळा नाही आणि चानकीही नाही.

११/ हे सारे दप्तरखान्यात सापडणार नाही. शासकीय कागदांत धान्याचे भाव आहेत, पेरणीचे क्षेत्र आहे, मजुरांची संख्या आहे. मुलांनी काय खाल्ले आणि कोणाकडून काय शिकले, हे तेथे नाही. ती नोंद आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे, आणि १९७२ चा दुष्काळ जाणत्या वयात पाहिलेले लोक आता सत्तरीच्या आसपास आहेत.

१२/ तेव्हा पुढच्या वेळी गावी गेलात, तर मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करून विचारा : पहिली चानकी कोणी शिकवली? ज्वारी घरची होती की रेशनची? रंग कसा होता? दळण जात्यावरचे की गिरणीतले? भाकरी शिकल्यावर शाळा चालू राहिली का? उत्तरासोबत गाव, तालुका आणि अंदाजे साल लिहून ठेवा. आणि हाच प्रश्न त्यांच्या भावालाही आणि बहिणीलाही, वेगवेगळे बसवून विचारा.