देवगिरी: तिकिटाच्या खिडकीअलीकडचा

दौलताबाद बघून आलेली मंडळी तीनच गोष्टी सांगतात: अंधारी, मेंढा तोफ आणि दुखणारे गुडघे. (आमच्या घरात चौथी, येताना घेतलेली सीताफळं!) पण छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालात की रस्ता अंबरकोटाच्या तटातूनच जातो. गाडीत "किल्ला अजून किती लांब?" अशी विचारणा चालू असते, आणि आपण केव्हाच किल्ल्यात असतो.

अंबरकोट म्हणजे सर्वांत बाहेरचा कोट. त्याच्या आत महाकोट, मग काळाकोट, मग खंदक आणि तो डोंगर. डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच. यादवांच्या काळात त्याचा पायथा चहूबाजूंनी तासून काढला, जवळजवळ पन्नास मीटरचा सरळसोट कडा. शिडी लावणार कुठे? पलीकडे वेरूळला ज्या काळ्या दगडात कैलास कोरला, तोच हा दगड. तिथे देऊळ झालं, इथे तट. मला तर दोन्ही एकाच परंपरेची कामं वाटतात.

आता गंमत बघा. असा अजिंक्य डोंगर, पण कडा चढून कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही. १२९६ साली अलाउद्दीन आला, रामदेवरायाने वर आसरा घेतला. आणि धान्य म्हणून चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं असं सांगतात. कथा खरी की खोटी, असो. पण १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घातला तेव्हा सुरुंग होतेच, तरी आतल्यांचे खरे हाल केले ते उपासमारीने. कड्याला धान्य पिकत नाही हो. ते खालच्या शेतांतून यायचं. चौदाव्या शतकात आलेला इब्न बतूता इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुक करतो. (तुरुंगातल्या मांजरांना पळवणाऱ्या उंदरांचंही वर्णन आहे त्याच्याकडे, लहान मुलांना जरूर सांगा.)

किल्ला आज केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायद्याने संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटर परवानगी लागते. गाववाल्यांना घराला एक खोली वाढवायची तरी हा हिशेब, त्यांची कुरकुर समजण्यासारखी आहे. तरी मला अंबरकोटाच्या आतली शेतं तशीच राहावीत असं वाटतं.

पुढच्या वेळी वेरूळला जाताना दरवाज्याअलीकडे गाडी बाजूला घ्या आणि थोडं तटाच्या कडेने चाला. तिकीट लागत नाही.