फेकीची शक्ती आणि शक्तीचा अभ्यास

काव्यहेतूंची चर्चा मराठीच्या वर्गात दरवर्षी होते. कवित्वाचे कारण सांगताना मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा उल्लेख केला, आणि ही तीन सुटी कारणे नसून तिन्ही मिळून एकच हेतू होतो, असेही बजावले. त्याची ‘शक्ती’ म्हणजे जन्मजात प्रतिभा. हा प्रश्न काव्यापुरता मर्यादित नाही. कोणतेही असामान्य कौशल्य दिसले की समाज प्रथम ‘देणगी’ हा शब्द उच्चारतो, आणि एकदा तो उच्चारला की कष्टांची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. या दृष्टीने आम्हांस एका परक्या खेळातील एका लहानशा विषयाचा इतिहास उद्बोधक वाटला. तो विषय म्हणजे बेसबॉलमधील आउटफिल्डरचा फेकीचा हात. येथे ‘शक्ती’ हा शब्द वाच्यार्थानेच घ्यावयाचा आहे.

बेसबॉलचे मैदान उघडलेल्या पंख्यासारखे असते. मुठीच्या जागी चार बेसचा चौकोन; दोन बेसमधील अंतर ९० फूट. त्यापलीकडच्या विस्तीर्ण हिरवळीवर तीन क्षेत्ररक्षक उभे असतात, तेच आउटफिल्डर. चेंडू दूर गेला की धावपटू एकेक बेस पुढे सरकू पाहतो, आणि त्याच्याआधी चेंडू तेथे पोहोचविणे हे त्यांचे काम. उजव्या कोपऱ्यातून तिसऱ्या बेसपर्यंतची फेक ३०० फुटांच्या घरात जाऊ शकते. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे येणारी फेक वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल.

एकोणिसाव्या शतकात या सामर्थ्याचे माप सरळ होते : कोण किती लांब फेकतो? १८७२ मध्ये ब्रुकलिन येथे जॉन हॅटफील्डने ४०० फुटांहून किंचित अधिक लांब चेंडू फेकला. हा उच्चांक १९१० पर्यंत टिकला. त्या वर्षी शेल्डन लेज्यूनने सुमारे ४२७ फूट गाठले. १ ऑगस्ट १९५७ रोजी ओमाहा येथे ग्लेन गॉर्बस या कॅनेडियन आउटफिल्डरने काही पावले धावत येऊन ४४५ फूट १० इंच, म्हणजे जवळजवळ १३६ मीटर अंतरावर चेंडू टाकला. नोंदलेली सर्वांत लांब फेक म्हणून आजही तिचाच उल्लेख होतो. परंतु याच गॉर्बसची सर्वोच्च श्रेणीतील कारकीर्द १९५५ ते १९५७ एवढ्याच काळात आटोपली. निव्वळ शक्तीने खेळाडू घडत नाही, याचा हा बोलका पुरावा होय.

दुसरे माप नोंदवहीतले. ज्या फेकीमुळे धावपटू बाद होतो तिची ‘असिस्ट’ म्हणून नोंद होते. आउटफिल्डरसाठी विसाव्या शतकातील एका हंगामाचा उच्चांक चक क्लाइनचा, १९३० मधील ४४ असिस्टचा. मात्र फिलाडेल्फियातील ज्या मैदानावर तो खेळे तेथे उजवीकडची भिंत अवघ्या २८० फुटांवर होती. तो इतरांपेक्षा बेसच्या बराच जवळ उभा असे. आकड्यात हाताइतकाच भिंतीचाही वाटा आहे. याहून मोठी अडचण वेगळीच आहे. ज्याच्या हाताची जरब बसते त्याच्यासमोर धावपटू धावतच नाहीत. जी धाव घेतली गेली नाही तिची नोंद कोठे करणार? सामर्थ्य जितके मोठे, तितका त्याचा लेखी पुरावा कमी. वाङ्मयेतिहास लिहिताना केवळ छापील पानांवर विसंबणाऱ्यांनीही हा विरोधाभास ध्यानी ठेवावा असा आहे.

आता रॉबर्टो क्लेमेंटे. पोर्तो रिकोतील कॅरोलिना गावी १९३४ मध्ये त्याचा जन्म झाला. वडील उसाच्या मळ्यावर मुकादम. १९५५ ते १९७२ तो पिट्सबर्ग पायरेट्स संघाकडून उजव्या आउटफिल्डमध्ये खेळला. कारकिर्दीत २६६ असिस्ट, सलग बारा वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’. निकाराग्वातील भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना ३१ डिसेंबर १९७२ रोजी विमान कोसळून त्याचा अंत झाला. त्याच्या हाताचे वर्णन दैवी देणगी असेच होत राहिले. परंतु शालेय वयात तो भालाफेक करीत असे. भाला फेकताना जे लागते, म्हणजे धाव, कंबरेचा पीळ, मागे ताणलेला खांदा आणि क्षणात सुटणारा हात, तेच दूरच्या फेकीला लागते. ही झाली अभ्यासाची बाजू. स्वतः क्लेमेंटे मात्र आपला हात आईकडून आला असे सांगे. ही शक्तीची बाजू. आणि फोर्ब्स फील्डच्या उजव्या भिंतीवर आदळलेला चेंडू कोणत्या कोनातून परतेल हे त्याने पुरते ओळखले होते, ही निपुणता. मम्मटाचा एकवचनी हेतू तो याहून निराळा काय असणार?

मग ‘देणगी’ हाच शब्द का रुजला? त्या काळी वृत्तपत्रे क्लेमेंटेचे इंग्रजी उच्चार जसेच्या तसे, तुटक लिपीत छापीत. त्याचे नावही परस्पर ‘बॉब’ केले गेले होते. ज्याच्या भाषेला हसावयाचे, त्याच्या बुद्धीचे आणि परिश्रमांचे श्रेय देणे जड जाते. त्यापेक्षा शरीराचे कौतुक सोपे, कारण शरीर निसर्गाने दिलेले. वरवर स्तुती वाटणारा शब्द असा हिरावून घेणाराही असतो.

हात कमावता येतो हे उघडपणे मान्य व्हावयास बराच काळ लागला. वजने उचलल्याने स्नायू आखडतात आणि फेक बिघडते, या समजुतीपायी विसाव्या शतकात दीर्घकाळ बेसबॉलपटूंना व्यायामशाळेपासून दूर ठेवले जाई. जपानमध्ये मात्र लांब अंतरावरची फेक हा नित्याच्या सरावाचा भाग होता. त्या परंपरेत वाढलेला, शाळेत पिचर असलेला इचिरो सुझुकी २००१ मध्ये सिएटल संघात आला. ११ एप्रिलला त्याने उजवीकडून थेट तिसऱ्या बेसवर फेक करून टेरेन्स लाँगला बाद केले, आणि अमेरिकन प्रेक्षक थक्क झाले.

फेकीचे बळ दंडात नसून पायांपासून वर चढते, हे आज सर्वमान्य आहे. चेंडू उचलल्यावर आउटफिल्डर एक छोटी उडी घेतो. तिला इंग्रजीत कावळ्याचेच नाव आहे. त्या उडीतील वेग पुढच्या पायावर रोखला जातो, तो कंबर आणि धड यांतून खांद्यात उतरतो. म्हणून सरावही पाय, धड आणि फेकीनंतर हाताला आवर घालणारे खांद्यामागचे स्नायू यांचा असतो. फेकीचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवितात आणि विश्रांतीही हिशेबाने देतात. घाईला येथे क्षमा नाही. शाळकरी पिचरांना सहा आठवडे जड चेंडू देऊन केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेग वाढला खरा, पण सुमारे चौघांमागे एकाला इजा झाली.

२०१५ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीत प्रत्येक फेकीचा वेग यंत्रे टिपतात. २०१६ मध्ये आरन हिक्सची एक फेक ताशी १०५.५ मैल, म्हणजे सुमारे १७० किलोमीटर भरली. पण न धावलेल्या धावपटूच्या मनातील भीती यंत्रालाही थेट टिपता येत नाही.

क्लेमेंटेच्याच पायरेट्स संघाने २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन तरुणांना करारबद्ध केले. दोघेही भालाफेकीत तयार झालेले. काम मात्र पिचरचे. सर्वोच्च साखळीपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचू शकले नाही. हातात बळ होते, त्यामागे भाल्याचा अभ्यासही होता. पण ज्या खेळाशी लहानपणापासून सहवास नाही, त्यातील निपुणता थोडक्या वर्षांत कशी यावी?

‘याच्यात मुळातच आहे’ आणि ‘याच्यात मुळातच नाही’ ही दोन वाक्ये अध्यापकांच्या तोंडी फार सहज येतात. पहिल्याने विद्यार्थ्याचे श्रम पुसले जातात, दुसऱ्याने त्याची वाट बंद होते. आउटफिल्डरच्या हाताचा हा इतिहास वाचल्यावर दोन्ही वाक्ये उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते.