स्वीडनमधील व्यक्तिक्रमांक आणि परदेशी विद्यार्थी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
उच्च शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली गाठ विद्यापीठाइतकीच तेथील शासकीय नोंदवहीशी पडते. स्वीडनमध्ये या नोंदीचे दृश्य रूप म्हणजे दहा अंकी व्यक्तिक्रमांक होय. बँक, दवाखाना, घरभाडे, दूरध्वनी अशा सर्व व्यवहारांत तो विचारला जातो. तो कोणाला मिळतो व कोणाला मिळत नाही, याचे कारण आजच्या नियमांत दिसत असले तरी त्याचे मूळ इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्या मुळाचा शोध घेऊन परदेशी विद्यार्थ्याच्या स्थितीचा विचार केला आहे.

चर्चची नोंदवही :
स्वीडनमध्ये लोकनोंदणीचा आरंभ धर्मसंस्थेने केला. १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने प्रत्येक धर्मग्रामाच्या पाद्र्यावर जन्म, विवाह, मृत्यू तसेच गावात येणारे व गाव सोडून जाणारे यांची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली. दुसऱ्या गावी राहावयास जाणाऱ्याने आपल्या पाद्र्याचा दाखला बरोबर नेऊन नव्या गावी सादर करावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. १७४९ पासून या नोंदींच्या आधारे लोकसंख्येचे तक्ते राष्ट्रीय पातळीवर संकलित होऊ लागले. मनुष्य कोणत्या गावचा रहिवासी आहे, हा या व्यवस्थेतील मूळ प्रश्न होता. पुढे क्रमांक आला तो याच प्रश्नाचे उत्तर म्हणून.

क्रमांकाचा उदय व विकास :
१९४७ मध्ये प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला जन्मतारीख व त्यापुढे तीन अंक असा क्रमांक देण्यात आला. १९६७ मध्ये नोंदी संगणकावर आणताना चूक ओळखण्यासाठी त्याला पडताळणीचा आणखी एक अंक जोडला गेला. तीन अंकांपैकी शेवटचा अंक विषम असल्यास पुरुष व सम असल्यास स्त्री, असा संकेत होता व आजही आहे. पहिल्या दोन अंकांतून मात्र जन्माचा जिल्हा सूचित होत असे आणि परदेशातून आलेल्यांसाठी वेगळे अंक राखून ठेवलेले होते. म्हणजेच क्रमांक पाहताच माणसाचे परकेपण कळू शकत असे. १९९० पासून नव्या क्रमांकांतील हा स्थानसंकेत बंद करण्यात आला. १ जुलै १९९१ रोजी लोकनोंदणीचे काम चर्चकडून करखात्याकडे गेले. नोंदवही सांभाळणारा बदलला. निवासाचे तत्त्व मात्र कायम राहिले.

एक वर्षाची रेषा :
१९९१ च्या लोकनोंदणी कायद्यानुसार जो किमान एक वर्ष राहणार आहे असे मानता येते, त्याचीच नोंद होते. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्याचा निवासपरवाना वर्षाहून कमी मुदतीचा असल्यास व्यक्तिक्रमांक सहसा मिळत नाही. परिणामी दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आणि एका सत्रासाठी आलेला विनिमय विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. पण पहिला नोंदवहीत असतो, दुसरा नसतो. पहिल्याला स्थानिक रहिवाशाप्रमाणे आरोग्यसेवा मिळते; दुसऱ्याला विम्यावर विसंबावे लागते व बँक खाते उघडणेही कठीण जाते. नोंद नसलेल्यांसाठी २००० पासून ‘समन्वय क्रमांक’ आला. त्यात जन्मदिवसाच्या अंकात ६० मिळवतात. ५ तारखेला जन्मलेल्याच्या क्रमांकात ६५ हा आकडा येतो. त्यामुळे शासकीय व्यवहाराची सोय झाली. परंतु धारक नोंदवहीबाहेरचा आहे हे त्या आकड्यावरूनच कळते. १९९० मध्ये जन्मस्थानाची खूण पुसली गेली आणि दहा वर्षांनी निवासाच्या अभावाची खूण उमटली, असे म्हणता येईल.

भारतीय संदर्भ :
निवासाचे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. आधार क्रमांकाचे वितरण २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सुरू झाले. २०१६ च्या आधार कायद्यानेही हा क्रमांक नागरिकत्वाचा पुरावा मानला नाही; अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवसांचा निवास ही अट घातली. परदेशी शिकणारा भारतीय विद्यार्थी या अटीमुळे मायदेशातच अपात्र ठरू शकत होता. २०१९ मध्ये भारतीय पारपत्रधारक अनिवासींना ही प्रतीक्षा माफ करण्यात आली. तोपर्यंत, येथे आधार न काढता स्वीडनला एका सत्रासाठी गेलेला विद्यार्थी तेथे अल्पनिवासी आणि येथे अनिवासी, अशा दुहेरी अभावात सापडण्याची शक्यता होती.

निष्कर्ष :
व्यक्तिक्रमांक हा राष्ट्रीयत्वाचा शिक्का नसून निवासाची नोंद आहे, हे स्वीडनच्या इतिहासावरून स्पष्ट होते. ही भूमिका उदार आहे, कारण परकीयालाही ती रहिवासी मानते. मात्र विद्यार्थी हा स्वभावतःच तात्पुरता रहिवासी असल्याने तिच्या मर्यादाही त्यालाच प्रथम जाणवतात. म्हणून परदेशी विद्यापीठांशी अल्पमुदतीचे विनिमय करार करताना आपल्या महाविद्यालयांनी शैक्षणिक श्रेयांकांबरोबरच निवासाची मुदत, विमा व बँक व्यवहार यांचाही आधीच विचार केला पाहिजे. विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला, एवढ्याने तो तेथील समाजव्यवहारात दाखल झाला असे होत नाही.