जागलीचं मचाण

नवी मुंबईतल्या जुईनगरसारख्या नोकरदारांच्या वस्तीत केनियाची सहल आता नवलाची राहिलेली नाही. सुट्टीत मसाई मारा करून आलेलं एखादं कुटुंब आसपासच्या सोसायट्यांत भेटतंच. त्यांच्या फोटोंत सिंह-जिराफ असतात, आणि अलीकडे उघड्या आभाळाखाली मांडलेला पलंगही असतो. केनियाच्या लायकिपिया भागात लोइसाबा नावाचं राखीव रान आहे. तिथे खांबांवर उभारलेल्या लाकडी माचीवर चाकांचा पलंग ठेवतात. रात्री तो छपराखालून बाहेर ढकलायचा, मच्छरदाणी सोडायची आणि नक्षत्रं बघत पडायचं. सायन-पनवेल महामार्गाच्या दिव्यांमुळे ज्यांच्या खिडकीतून धड दहा तारे दिसत नाहीत, त्यांना या पलंगाची भुरळ पडली तर नवल नाही.

माझी तक्रार एवढीच, की ही कल्पना अस्सल आफ्रिकी म्हणून सांगितली जाते. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर बसून रानातली रात्र काढायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. ती म्हणजे मचाण. फक्त मचाणाच्या कुळात झोप कुठेच नाही. ते जागण्यासाठीच बांधलं गेलं.

आधी ते शेतात उभं राहिलं. पीक दाण्यावर आलं की दिवसा पाखरं येतात आणि रात्री डुकरं. बांधावर उभं राहून त्यांना हाकलता येत नाही, कारण ज्वारी तोवर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. म्हणून शेताच्या मधोमध चार मेढी रोवायच्या, त्यांवर आडवे बांबू बांधायचे, वर कडब्याच्या पेंढ्या अंथरायच्या आणि जमलं तर गवताचं छप्पर घालायचं. कुठे याला माळा म्हणतात, कुठे माच, कुठे मचाण. वर बसणाऱ्याच्या हाती गोफण, शेजारी गोट्यांचा ढीग आणि रात्री बडवायला पत्र्याचा डबा.

हे साधन कोणी शोधलं, या प्रश्नाला उत्तर नाही. पण राखणीच्या खुणा साहित्यात फार मागे जातात. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या आपल्या जुन्या काव्यसंग्रहात, भाताची राखण करणाऱ्या मुली आहेत. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात साळीची राखण करणाऱ्या स्त्रिया उसाच्या सावलीत बसून रघूची कीर्ती गातात. तमिळ मुलखात तर मुरुगन देवाची वल्ली हीच राळ्याच्या शेताची राखणदारीण. मचाणावरून पाखरं हाकलत असताना देव तिला भेटला, अशी कथा आहे. कवींना राखणीत शृंगार सापडला याचं कारण उघड आहे. घरापासून लांब, कोणाची नजर नसलेली ती एकच जागा होती. पौषातल्या थंडीबद्दल, अंगाखालच्या पेंढीतल्या विंचवाबद्दल आणि पहाटे तीनला अनावर होणाऱ्या झोपेबद्दल कवी फारसे बोलत नाहीत.

ठाणे खाडीच्या आमच्या काठावरही १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली त्याआधी भातखाचरं आणि मिठागरं होती. आता राखायला गाड्या उरल्या आहेत, आणि त्यांचा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर जमिनीलगतच बसतो.

शेतकऱ्याचं हे ओबडधोबड साधन शिकाऱ्याने उचललं आणि झाडावर चढवलं. इथून मचाणाचा स्वभाव पालटतो. शेतात वर बसलेला माणूस जनावराने येऊ नये म्हणून आरडाओरडा करी; शिकारी त्याने यावं म्हणून श्वास रोखून बसू लागला. तऱ्हा दोन होत्या. हाक्याच्या शिकारीत हाकारे ढोल-डबे वाजवत वाघाला मचाणाच्या रोखाने रेटत आणत. दुसऱ्या तऱ्हेत खाली रेडकू बांधायचं, किंवा वाघाने आधीच मारलेल्या जनावरापाशी रात्र काढायची. आडोशाच्या फांद्या त्याच झाडाच्या हव्यात, तोडलेल्या बुंध्याच्या पांढऱ्या खुणा झाकलेल्या हव्यात, आणि एकदा बसल्यावर खोकला आला तरी गिळायचा. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत आणि ते परवान्यावर मिळत. आजचे नागपूर, चंद्रपूर, भंडारा हे जिल्हे त्याच प्रांतातले. मचाण बांधायला, हाका घालायला, जखमी वाघाचा माग काढायला गोंड आणि कोरकू. फोटोत बूट ठेवायला साहेब.

याच काळात संयुक्त प्रांतातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने बंदूक बाजूला ठेवली. जनावराच्या पायाने तार ओढली की दिवा भडकावा आणि फोटो निघावा, अशी युक्ती त्याने रानवाटांवर लावली. त्या फोटोंचं पुस्तक १९२७ साली आलं. हीच युक्ती पुढे मचाणाच्या मुळावर येणार होती.

आता आफ्रिका. केनियात न्येरीजवळ, अॅबर्डेअरच्या रानात, एरिक शेरब्रुक वॉकर या हॉटेलवाल्याने १९३२ साली एका मुगुमोच्या झाडावर दोन खोल्या बांधल्या. मुगुमो म्हणजे आपल्या वडा-उंबराच्या कुळातला वृक्ष. खाली तळं आणि खारी जमीन. पाहुण्यांनी संध्याकाळी शिडीने वर चढायचं, आणि चाटायला, प्यायला येणारे हत्ती-गेंडे रात्रभर बघायचे. नाव ट्रीटॉप्स. वॉकरने मचाण बघून हे बांधलं असं मी म्हणणार नाही. पण मचाणावर आयुष्य काढलेला माणूस तिथे पुढे पोचलाच. कुमाऊंचे नरभक्षक मारणारा जिम कॉर्बेट १९४७ साली भारत सोडून केनियात गेला आणि पुढे न्येरीला राहिला. ५ फेब्रुवारी १९५२ ला इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ ट्रीटॉप्सवर मुक्कामाला आली तेव्हा शहात्तर वर्षांचा कॉर्बेट सोबत होता. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात राजा सहावा जॉर्ज वारला. शिडीने राजकन्या वर गेली आणि राणी होऊन उतरली, ही गोष्ट जगाला पाठ आहे. मला त्या गोष्टीतला म्हातारा जास्त मोलाचा वाटतो. पाहुणे झोपले तरी तो राखणीला होता. मचाणाचं हॉटेल झालं, तरी मचाणाचं मूळ काम कोणाला तरी करावंच लागलं. पुढे १९५४ साली ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ बंडात ट्रीटॉप्स जाळलं गेलं आणि १९५७ साली जवळच पुन्हा उभं राहिलं. कॉर्बेट १९५५ साली न्येरीतच वारला.

आफ्रिकेचा उलटा धागा आमच्या घरापासून फार लांब नाही. मुरूड-रोह्याच्या डोंगरात फणसाडचं अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. त्याआधी ते जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान होतं, आणि जंजिऱ्याचे सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेलं हबशी कूळ. नैरोबीचं विमान न पकडता आफ्रिकी घराण्याच्या शिकारीच्या रानात रात्र काढायची असेल, तर नवी मुंबईकराला रायगड जिल्हासुद्धा ओलांडावा लागत नाही. इथे वाघ नाही. बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू आणि झऱ्यांच्या पाण्याची गाणं आहेत. स्थानिक लोक पाणवठ्याला गाण म्हणतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी बघायला इथेही मचाणं बांधली जातात.

ही बुद्धपौर्णिमा मचाणाच्या चरित्रात शिरली ती शिकार संपल्यावर. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि देशभरातली पहिली व्याघ्रगणनाही झाली. तिने १,८२७ हा आकडा दिला. १ एप्रिल १९७३ ला व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि मेळघाट त्याच्या पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आलं. वाघ मोजायची तेव्हाची रीत ठशांची: ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी घडवलेली, काचेवर पंजाची आकृती उतरवून घ्यायची. बाकीच्या प्राण्यांसाठी पाणवठ्यावर बसायचं ठरलं. शिकाऱ्याचं मचाण होतंच. बंदुकीच्या जागी तक्त्याचा कागद आला.

वैशाखच का, तर तेव्हा ओढे आटलेले असतात आणि उरलेल्या मोजक्या पाण्यावर सगळ्यांना यावंच लागतं. पौर्णिमाच का, तर बॅटरी न लावता दिसावं म्हणून. मचाणावर एक वनकर्मचारी आणि एक स्वयंसेवक, सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्लू, अशी नोंद. इथे एक गंमत आहे. तारे बघायला म्हणून मचाणावर जाणाऱ्याची त्या रात्री फसगत होते. चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणूनच महिना वैशाख. आणि त्याच्या उजेडात डोक्यावरची स्वाती, चित्रा, उशिरा वर आलेली लालसर ज्येष्ठा आणि थोडे ठळक तारे सोडले तर आभाळ जवळपास रिकामं असतं. ताऱ्यांसाठी अमावास्येला जावं, आणि अमावास्येला मचाणावर काही दिसत नाही.

दिसण्यापेक्षा ऐकायला मात्र भरपूर मिळतं. रातव्याची एकसुरी टकटक, टिटवीचा थयथयाट, मग दूरवर सांबराचा ढाँक. पाठोपाठ भेकर भुंकलं की समजायचं, कोणीतरी चालत येतंय. मारुती चितमपल्लींनी आपल्या पुस्तकाला ‘रातवा’ हे नाव दिलं आणि व्यंकटेश माडगूळकरांनी नागझिऱ्यातल्या मुक्कामावर अख्खं पुस्तक लिहिलं. मराठी वाचकाच्या कानाला हे रान पन्नास-पन्नास मैलांवरून ओळखीचं आहे ते या दोघांमुळे. प्रत्यक्ष मचाणावर बसलेला मुंबईकर मात्र चिवड्याच्या पाकिटाचा आवाज कसा बंद करायचा, या विवंचनेत असतो.

गणना म्हणून ही पद्धत कच्ची होती. तेच सांबर दोन पाणवठ्यांवर आलं तर दोनदा मोजलं जाई. जे आलंच नाही ते नाहीच. आदल्या दिवशी वळवाची सर पडली, रानात डबकी भरली, की सगळी रात्र वाया. २००५ साली राजस्थानातल्या सरिस्क्यात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं आणि ठशांच्या गणनेचीही पत गेली. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेने रानवाटांवर कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून अंदाज काढायला सुरुवात केली. चॅम्पियनची जुनी तार अशी परतली. पहिला अंदाज देशात १,४११ वाघांचा; महाराष्ट्रात २००६ साली १०३, तर २०२२ साली ४४४. या आकड्यांत मचाणावरच्या कोणाचा वाटा नाही. मचाणाची रात्र तरीही बंद पडली नाही. वनखात्याने तिला निसर्गानुभव म्हणायला सुरुवात केली, ऑनलाइन नोंदणी आली, शुल्क आलं, आणि ताडोबा, मेळघाट, पेंच, नवेगाव-नागझिऱ्याची मचाणं शहरातल्या लोकांनी भरू लागली. गणना गेली हे बरंच झालं. खोट्या आकड्यापेक्षा खरी रात्र चांगली.

फक्त एका मचाणाचं नाव या सगळ्यात कोणी घेत नाही, आणि ते सर्वांत पहिलं आहे. चंद्रपूर, यवतमाळ, गडचिरोलीकडे शेतकरी आजही रात्री शेतावर जागलीला जातो. डुक्कर आणि रोही, म्हणजे नीलगाय, एका रात्रीत एकराचा चिवडा करतात. सौर कुंपणं आली, नुकसानभरपाईचे अर्ज आले. तरी मचाणावरचा माणूस खाली उतरलेला नाही. वाघ वाढले म्हणजे त्याच्या अंधारात वाघही वाढले. पर्यटकाला पाणवठ्यावरच्या मचाणावरून वाघ दिसला तर पैसे वसूल होतात. जागल्याला दिसला तर तो सकाळपर्यंत खाली पाय टेकत नाही. वैशाखात आपण पाणवठ्यावर बसतो तोच तेंदूपानांचा हंगाम. पहाटे त्याच रानात बायका वाकून पानं तोडत असतात, त्यांच्यासाठी कुठलंच मचाण नसतं.

म्हणून वनखात्याला आणि मचाणाची रात्र नोंदवणाऱ्या आपल्या सगळ्यांना एक सुचवावंसं वाटतं. बुद्धपौर्णिमा राहू द्या. तिच्या जोडीला एक रात्र कोजागरीची धरा. तेव्हा धान आणि ज्वारी उभी असते, चंद्र तितकाच असतो, आणि जागण्याचा रिवाज तर त्या रात्रीचाच आहे. व्याघ्रप्रकल्पांच्या बफरमधल्या गावांत, जागल्याच्या परवानगीने आणि वनरक्षकाच्या सोबतीने, शेतातल्या मचाणावर बसा. किती डुकरं आली, किती रोही, कुठून शिरले, किती पीक गेलं, याचा तक्ता भरा. पाणवठ्यावरच्या तक्त्याचा शास्त्राला उपयोग उरलेला नाही. या तक्त्याचा भरपाईच्या अर्जाला होईल. शुल्क जे ठरेल ते मचाण बांधणाऱ्याच्या हाती द्या. आणि मसाल्याचं दूध न्यायचं असेल तर दोन माणसांपुरतं न्या, कारण वर तो आधीच बसलेला असेल.