भिंतीवरची तसबीर आणि घराचा भाव

घर विकायला काढले की गिऱ्हाइकाला दार उघडावेच लागते. परकी माणसे येतात, नळ सोडून पाहतात, भिंतीला ओल आहे का विचारतात, मोरीत डोकावतात. व्यवहार साधा दिसतो. परंतु माटुंग्यात या दारालाही इतिहास आहे.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, भूखंड पाडले. आखणी आधुनिक होती. वस्ती मात्र जातीजमातींनीच बसली. इकडे हिंदू कॉलनी, तिकडे पारशी कॉलनी, किंग्ज सर्कलभोवती दाक्षिणात्य ब्राह्मण. आमचा कष्टकरी रुळांपलीकडे, लेबर कॅम्पात. बाबूराव बागूल तिथेच वाढले. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या त्यांच्या संग्रहाच्या शीर्षककथेतला नायक परमुलखात खोली मिळावी म्हणून जात लपवतो. १९१७ साली बडोद्यात खुद्द बाबासाहेबांना पारशी नाव घेऊन विश्रामगृहात राहावे लागले; काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढले.

त्याच बाबासाहेबांनी पुढे हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. जवळच 'चार मिनार' ही दुसरी इमारत उभारली आणि १९४१ साली कर्ज व पुस्तके यांपायी ती विकली. आश्रय मागणारा माणूस आता घरमालक म्हणून विक्री करीत होता, आणि तीही स्वतःच्या नावाने.

म्हणूनच मला दलालाचे बोलणे लागले. माटुंग्यातील माझी दोन खोल्यांची जागा विकायला काढली, तेव्हा तो आपुलकीने म्हणाला, "साहेब, लोक बघायला येतील तेवढा वेळ बाबासाहेबांचा फोटो उतरवून ठेवा. भाव चांगला येईल." पूर्वी खोली मागणाऱ्याने जात लपवायची, आता मालकानेही लपवायची काय?

फोटो जागेवरच राहिला. काहींनी तो पाहिला आणि पुढे केलेले पाणीही न घेता ते जिना उतरले. शेवटी घर विकले गेले, अपेक्षेपेक्षा कमी भावात. ही तूट खरेदीखतात कुठेच लिहिलेली नाही. आमच्या घरांचा इतिहास लिहिताना आपण ती लिहिली पाहिजे.