वारसनोंद व मृत्युपत्र (भडगाव तालुका)

जळगाव जिल्ह्यातील गिरणाकाठच्या भडगाव तालुक्यात खातेदाराच्या मृत्यूनंतर त्याची शेतजमीन वारसांच्या नावे लावण्याची रीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार चालते. वारसांनी तीन महिन्यांत तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला व अर्ज दिल्यावर गाव नमुना 6 क या वारस नोंदवहीत चौकशी होते, पुढे फेरफार पडतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करून सातबाऱ्यावर नावे चढतात. मात्र ही नोंद महसुलापुरती असून तिने मालकी सिद्ध होत नाही. वाद उद्भवल्यास निवाडा दिवाणी न्यायालयाकडेच जातो.

मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करता येते व त्याची नोंदणी ऐच्छिक असते. मृत्युपत्राच्या खरेपणावर न्यायालयाने उमटवलेली मोहोर म्हणजे प्रोबेट. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 ने हिंदूंच्या बाबतीत त्याची सक्ती मुंबई शहरासारख्या क्षेत्रांपुरती ठेवल्यामुळे खानदेशातील शेतकऱ्यावर ती कधीच नव्हती. मृत्युपत्र नसेल तेथे 1827 च्या मुंबई विनियम 8 खालील वारस दाखला आजही उपयोगी पडतो. कुटुंबासाठीचा खाजगी न्यास, म्हणजे विश्वस्ताने इतरांच्या लाभासाठी मालमत्ता सांभाळण्याची व्यवस्था, 1882 च्या कायद्याने शक्य असली तरी खेड्यांत विरळाच.

मुलींना सहदायकी हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये दिला. तरीही बहिणींकडून भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून घेण्याची प्रथा टिकून आहे, आणि त्या सहीला राजीखुशी म्हणणे पुष्कळदा धाडसाचे ठरते.