एका पानाची सारणी : पंचांग, सातबारा आणि लाटेक

प्रास्ताविक

इतिहासाच्या अभ्यासकाला सारणीवाचून गत्यंतर नसते. गावांची नावे, महसुलाचे आकडे, लोकसंख्या, दुष्काळाची वर्षे ही सर्व सामग्री अखेरीस रकान्यांत आणि ओळींत मांडावी लागते. पुष्कळदा सारणी पानापेक्षा मोठी होते आणि ती एका पानावर कशी बसवावी असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न वरवर तांत्रिक भासत असला, तरी पानावर काय ठेवावे व काय वगळावे याचा निर्णय त्यातच दडलेला असतो. लाटेक या संगणकीय अक्षरजुळणी प्रणालीत हा प्रश्न कसा उद्भवतो आणि मराठी मुद्रणाने व दप्तराने तो पूर्वी कसा हाताळला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यास निमित्त लेखकाच्याच एका चुकीचे आहे.

चुकीची हकीकत

प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी नाशिक जिल्ह्याची एक तालुकावार सारणी तयार केली होती. तिला जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नाशिक गॅझेटियरमधील १२ तालुक्यांचा आधार होता. सारणीत १० रकाने होते व शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. महाविद्यालयातील गणित विभागाच्या एका सहकाऱ्याने लाटेक शिकविले होते, म्हणून ती त्यातच जुळविली. सारणीची मूळ रुंदी सुमारे २५० मिलिमीटर भरली. ए-फोर कागदाची रुंदी २१० मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर समास सोडल्यास मजकुरास १५० मिलिमीटरच उरतात.

प्रथम सारी सारणी आक्रसून पाहिली. तेव्हा १० पॉइंटचे अक्षर ६ पॉइंटचे झाले. आकडे कसेबसे वाचता येत होते, परंतु अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळली. मग दुसरा उपाय केला : शेऱ्याचा रकाना काढून टाकला. सारणी नेटकी दिसू लागली व तशीच सादर झाली.

मौखिक परीक्षेत परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला : "मालेगाव आणि सिन्नर १८६९ पूर्वी एकाच जिल्ह्यात होते काय?" ते नव्हते. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये निर्माण झाला. मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे तालुके खानदेशातून आले. नाशिक, सिन्नर, निफाड, येवला आदी तालुके तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून आले. सारणीत मात्र १८६९ पूर्वीचे आकडेही 'नाशिक जिल्हा' या एकाच मथळ्याखाली मांडलेले होते. जो जिल्हा अस्तित्वातच नव्हता त्याची बेरीज सारणीच्या तळाशी दिली गेली होती. ही सर्व माहिती काढून टाकलेल्या शेऱ्यांत होती. एकही आकडा न बदलता सारणी असत्य झाली होती.

पंचांगाचे पान

मराठी मुद्रणात या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी उत्तर पंचांगाच्या पानावर आढळते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग छापले. त्यापूर्वी ज्योतिषी पंचांगे हाताने लिहीत व नकलून घेत. तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण ही पाच अंगे, त्यांच्या समाप्तीच्या वेळा, सूर्योदय, सूर्यास्त, चंद्राची रास, इतर कालगणनांच्या तारखा, सण आणि व्रते एवढी सामग्री दिवसागणिक द्यावयाची असे. आजच्या कोणत्याही शोधनिबंधातील सारणीपेक्षा हा भार अधिक आहे. तरीही वाचकाला ते पान समजते. याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण एककाच्या निवडीचे होय. पंचांगात साधारणतः एका पक्षाची एक सारणी असते. पक्षाच्या तिथी १५. क्षय-वृद्धीमुळे दिवस बहुधा १४ ते १६. म्हणजे ओळींची संख्या चंद्राच्या गतीनेच मर्यादित केलेली आहे. महिन्याची एकच सारणी केली असती तर ती पानाबाहेर गेली असती आणि आठवड्याची केली असती तर विषयाचे तुकडे पडले असते.

दुसरे कारण मापनाचे. एका अहोरात्राच्या ६० घटी आणि एका घटीची ६० पळे. त्यामुळे घटीच्या रकान्यात किंवा पळांच्या रकान्यात दोनच अंक येतात, तिसरा कधीही येत नाही. रकान्याची रुंदी आधीच ठरलेली असल्याने जुळाऱ्याला खिळे मांडताना अंदाज बांधावा लागत नाही.

तिसरे कारण संक्षेपाचे. वाराला एक अक्षर पुरते. नक्षत्राचे व योगाचे नाव आद्याक्षरांनी सुचविता येते. त्या संक्षेपांचा अर्थ वाचकाला परंपरेने ठाऊक असतो. शास्त्रार्थाचा म्हणजे सण-व्रतांचा रकाना तेवढा सलग मजकुराचा असतो आणि तो एका कडेला ठेवलेला असतो. तेथेही भाषा आखूड असते, परंतु तो रकाना गाळला जात नाही. सामान्य गृहस्थ पंचांग उघडतो तो त्याच रकान्यासाठी! जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या 'कालनिर्णय'ने हीच सामग्री पक्षाच्या ओळींतून काढून महिन्याच्या चौकटींत मांडली. तेथेही दिवसाचा सण वगळला नाही. प्रत्येक दिवसाला स्वतःचे घर देऊन जागा निर्माण केली.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना

दुसरे उदाहरण महसुली दप्तरातील आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. हे दोन स्वतंत्र नमुने एकाच उताऱ्यावर दिले जाऊ लागले, म्हणून लोकभाषेत 'सातबारा' हा शब्द रूढ झाला. गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र आणि आकार या नोंदी ठळक जागी असतात. कुळ, बोजा आणि इतर अधिकार यांच्या नोंदी एका कडेच्या रकान्यात येतात.

या रकान्याचे महत्त्व आकाराने मोजता येत नाही. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा आहे आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' मानून त्याखाली कुळांच्या मालकीचा प्रश्न हाती घेतला गेला. अशा प्रसंगी जमीन प्रत्यक्ष कोण कसतो याची अभिलेखातील नोंद हा महत्त्वाचा पुरावा ठरत असे. उतारा आटोपशीर व्हावा म्हणून कोणी तो रकाना कमी केला असता, तर क्षेत्राचे व आकाराचे सर्व आकडे अचूक राहूनही कसणारा माणूस कागदावरून नाहीसा झाला असता. शेरा हा सारणीचा उरलेला भाग नव्हे. पुष्कळदा आकड्यांचा अर्थ तेथेच नोंदलेला असतो.

लाटेकचा इशारा

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहिली. त्यांतील जुळणी त्यांना पसंत पडली नाही आणि त्यातून टेक या प्रणालीचा आरंभ झाला. तिच्यावर आधारित लाटेक लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केली. फ्रान्स वेल्थुइस यांच्या देवनागरी टंकामुळे १९९० च्या दशकात तिच्यात मराठी जुळविता येऊ लागली आणि जोनाथन क्यू यांच्या झीटेकमुळे २००४ नंतर युनिकोड मजकूर सरळ वापरता येऊ लागला.

या प्रणालीचा एक गुण जुन्या जुळाऱ्याची आठवण करून देणारा आहे. सारणी समासाबाहेर गेली की ती किती पॉइंट बाहेर गेली याची नोंद प्रणाली करते. उपरोक्त सारणी १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८५ पॉइंट बाहेर गेली होती. संपूर्ण सारणी आक्रसण्याची आज्ञा दिली की हा इशारा बंद होतो; अडचण मात्र वाचकाच्या डोळ्यांकडे सरकते. खिळ्यांच्या काळी जुळाऱ्यापाशी ठरावीक आकाराचेच खिळे असत. त्यामुळे त्याला मजकुराचा विचार करणे भागच होते. आपणांस ती सक्ती उरलेली नाही.

पंचांगाचा धडा घेऊन प्रस्तुत लेखकाने तीच सारणी पुन्हा जुळविली. लाटेक प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना ६ पॉइंट मोकळी जागा ठेवते. १० रकान्यांत ती १२० पॉइंट होते. ती निम्मी केल्याने सुमारे २१ मिलिमीटर वाचले. शेऱ्याचा ८० मिलिमीटरचा रकाना १० मिलिमीटरचा केला आणि त्यात एकेक अक्षर ठेवले : खानदेशातून आलेल्या तालुक्यास 'ख', अहमदनगरातून आलेल्यास 'अ'. कळवणासारखे जे तालुके मागाहून वेगळे झाले किंवा पेठेसारखे ज्यांचा पूर्वेतिहास संस्थानाचा आहे, त्यांना स्वतंत्र खुणा दिल्या आणि सर्व खुणांचा खुलासा सारणीच्या तळाशी दिला. रुंदी २५० वरून १५९ मिलिमीटर झाली. समास ३० ऐवजी २५ मिलिमीटर करताच मजकुरास १६० मिलिमीटर मिळाले. सारणी उभ्या पानावर, १० पॉइंटच्या अक्षरात, शेऱ्यांसह बसली. १८६९ पूर्वीच्या आकड्यांची एकत्रित बेरीज मात्र काढून टाकली, कारण पानात जागा असूनही इतिहासात तिला जागा नव्हती.

शेरे दीर्घ असतील आणि त्यांचा संक्षेप शक्य नसेल, तेव्हा मजकुराच्या रकान्यास निश्चित रुंदी देऊन ओळी मोडू द्याव्यात अथवा पान आडवे करावे. त्यानेही न भागल्यास सारणी पुढील पानावर जाऊ द्यावी व मथळ्याची ओळ तेथे पुन्हा छापावी. दोन पानांची खरी सारणी एका पानाच्या अपुऱ्या सारणीपेक्षा केव्हाही ग्राह्य होय.

निष्कर्ष

१) सारणी पानावर बसविण्याचा आरंभ एककाच्या निवडीपासून व्हावा, अक्षराचा आकार कमी करणे हा अखेरचा उपाय समजावा.

२) मजकुराचा रकाना गाळण्यापूर्वी त्याचा सांकेतिक संक्षेप आणि तळटीप यांचा विचार करावा.

३) मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी नेटकी सारणी हाती आल्यावर तिच्यातून कोणता रकाना वगळला गेला, हे अवश्य विचारावे. प्रस्तुत लेखकास तो प्रश्न विचारला गेला म्हणूनच जिल्ह्याच्या बेरजेतील दोष उघडकीस आला; एरवी ती सारणी ग्रंथालयाच्या कपाटात निर्दोष म्हणून राहिली असती आणि पुढील एखाद्या विद्यार्थ्याने ती विश्वासाने उतरून घेतली असती.